कढईतला पाऊस

आमच्या नगरात सध्या ज्याच्या हातात मोबाईल आहे तो दिग्दर्शक, ज्याच्या मित्राकडे लॅपटॉप आहे तो संकलक, आणि ज्याच्या घरात पेटी आहे तो, त्याची इच्छा असो वा नसो, संगीतकार. मी तिसऱ्या वर्गात मोडतो. पेटी वडिलांची. मी ती गुरुवारी भजनी मंडळात वाजवतो, आणि मंडळातली माणसं देवभोळी असल्यामुळे आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

हे फिल्मचं खूळ शहरात आलं कुठून, हे शोधायला लांब जावं लागत नाही. नागराज मंजुळे इथल्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकत होते तेव्हा त्यांनी विद्यार्थी म्हणून 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे नगरमध्येच शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' काढला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. तेव्हापासून लाल टाकीच्या आसपास कटिंग चहा घेणारा प्रत्येक दुसरा पोरगा मनातल्या मनात दिल्लीतल्या भाषणाची तयारी करत असतो. पोरांना यातला पुरस्कार लक्षात राहतो, आईबापांना जमीन. आमच्या मेहुण्यांनी तर भाच्यानं फिल्मच्या कोर्सला नाव घातलं त्याच दिवशी सातबारा कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली.

तर हा भाचा एका संध्याकाळी लॅपटॉपवाल्या मित्रासकट आमच्या सावेडीच्या घरी आला.

"मामा, फिल्म झाली पूर्ण. आता फक्त साउंड राह्यलाय."

घर बांधून झालंय, फक्त भिंती राहिल्यात असं सांगणाऱ्या ठेकेदाराकडे बघावं तसं मी त्याच्याकडे बघितलं. पण तो गडी शांत होता. शूटिंगच्या वेळी काहीही बिघडलं की "पोस्टमध्ये बघू" असं म्हणायचं, हे त्याला पहिल्याच सत्रात शिकवलेलं होतं. माइकमध्ये वारा घुसला, पोस्टमध्ये बघू. नट संवाद विसरला, पोस्टमध्ये बघू. आता ते पोस्ट माझ्या दिवाणखान्यात येऊन बसलं होतं आणि चहात साखर कमी आहे म्हणत होतं.

फिल्मची गोष्ट साधी होती. दुष्काळ पडलाय. म्हातारा शेतकरी आपला शेवटचा बैल घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात विकायला नेतो. बैल विकला जातो. म्हातारा आभाळाकडे बघतो. संपलं. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये कुणीतरी आभाळाकडे बघितल्याशिवाय मार्क मिळत नाहीत, असा काहीतरी विद्यापीठाचा नियम असावा.

"ऐका," म्हणून संकलकानं बटण दाबलं.

पडद्यावर म्हातारा बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा. डोळ्यांत पाणी. मागे उजाड माळ. आणि आवाज आला: "भो, वडापाव संपले का?"

"हा कोण?"

"कॅमेरामन," भाचा म्हणाला. "पण तो दिसत नाही ना."

पुढचं दृश्य बाजाराचं. त्यात दलाल, गिऱ्हाईक, कांद्याचा ट्रक, रसवंतीची घुंगरं आणि दोन पक्षांच्या प्रचाराच्या रिक्षा स्पष्ट ऐकू येत होत्या. फक्त आमचा नायक ऐकू येत नव्हता. त्याच्या सदऱ्याला लावलेला कॉलर माइक बैलानं चाटून घेतला होता. बैलाची जीभ किती खरखरीत असते हे मात्र उत्तम रेकॉर्ड झालं होतं.

त्यातून आवाज आणि चित्र यांचं जमेना. हल्लीच्या मोबाईलची गंमत अशी की तो सेकंदाला ठरलेल्या चित्रचौकटी टिपत नाही. उजेड कमी-जास्त झाला की त्याची गती बदलते. आवाज मात्र वेगळ्या रेकॉर्डरवर, आपल्या एका चालीनं. त्यामुळे पहिल्या मिनिटाला ओठ आणि शब्द बरोबर चालायचे आणि पाचव्या मिनिटाला म्हातारा तोंड मिटून घ्यायचा, मग त्याचं वाक्य यायचं. दोन्ही जुळवायला शॉटच्या सुरुवातीला पाटी आपटतात. पाटीचं भाडं परवडेना म्हणून पोरांनी हातानं टाळी वाजवली होती. पण नायकाची भूमिका करणारे आजोबा आमच्याच भजनी मंडळातले. समोर कुणी टाळी वाजवली की त्यांचेही हात आपोआप चालतात. प्रत्येक शॉटच्या आधी दोन टाळ्या, आणि कुठली कुणाची ते पांडुरंगाला ठाऊक.

एवढ्यात पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं आभाळाकडे बघितलं आणि "धाड्ड" असा आवाज झाला. खिडकीच्या काचा हलल्यासारख्या वाटल्या.

नगर हे रणगाड्यांचं गाव आहे. लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि खारे-कर्जुन्याच्या बाजूला के. के. रेंजवर तोफांचा सराव चालतो. नगरकराला त्याची इतकी सवय झालेली असते की दणका ऐकून तो फक्त गॅलरीतले कपडे काढायचे की नाहीत एवढाच विचार करतो. पोरांच्या नेमक्या सर्वांत हळव्या शॉटमध्ये भारतीय सैन्यानं सराव केला होता.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "हे ढगांचा गडगडाट म्हणून खपंल का?"

"खपेल. पण फिल्म दुष्काळाची आहे ना?"

"हां."

"मग गडगडल्यावर पाऊस नको पडायला?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग संकलक म्हणाला, "पाडू की."

पाऊस असा मंजूर झाला. 2015 साली सरकारनं मराठवाड्यात पाऊस पाडायला विमानं उडवून ढगांवर रसायनं फवारली होती. आमच्याकडे त्याच कामासाठी आमची ही होती.

त्याचं असं झालं. पोरांनी इंटरनेटवरून घेतलेला पाऊस फारच परदेशी वाटत होता. पत्र्यावर पडत नव्हता, चिखलात पडत नव्हता, नुसताच सभ्यपणे पडत होता. तेव्हा मी वाचलेलं ज्ञान पाजळलं. जॅक फोली नावाचे एक गृहस्थ होते. बोलपट नवे होते तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओत ते पडद्याकडे बघत पावलांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज काढायचे. त्या कलेला आजही त्यांचंच नाव आहे. नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोडा धावतो, चामड्याचे हातमोजे फडफडवले की पक्षी उडतो, आणि तळणाचा आवाज नीट घेतला तर तो हुबेहूब पावसासारखा लागतो.

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. दोघांनी एकदम स्वयंपाकघराकडे बघितलं.

"मामी, कुरडया आहेत का?"

पुढचे काही दिवस आमच्या घरात ऋतुचक्र कढईवर चाललं. तेल कडकडीत असलं की ढगफुटी, मध्यम असलं की वळीव, गार पडत आलं की आषाढातली रिपरिप. कुरडई फुलताना जो सर्रकन आवाज होतो तो पावसाच्या पहिल्या सरीचा. भज्याचं पीठ सोडलं की पत्र्यावरचे टपोरे थेंब. पापडानं फारच निराशा केली. तो तळताना एक आवाज करतो आणि गप्प होतो. संकलक ओट्याशी माइक धरून उभा, भाचा डोळे मिटून "मामी, अजून थोडा जोर धरू द्या" म्हणतोय, आणि ही घामाघूम होऊन विचारतेय, "अरे, पण नक्की किती मिलिमीटर पाडायचाय?" आवाज घेऊन झाला की युनिट पाऊस खाऊन टाकायचं. त्यामुळे "अजून एक टेक" असं दिग्दर्शकापेक्षा कॅमेरामनच जास्त वेळा म्हणायचा. वर्षभराच्या कुरडया त्यात गेल्या.

एवढं करून पाऊस चित्राला लावला तेव्हा लक्षात आलं की गोष्ट बिघडली. बैल विकल्यावर दोन मिनिटांत पाऊस पडत असेल तर म्हातारा गरीब राहत नाही, नुसताच उतावीळ वाटतो. संकलकानं पाऊस आधी घेतला आणि विक्री नंतर.

"पाऊस पडल्यावर बैल विकतो कशाला मग?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर घ्यायला," संकलक म्हणाला.

हे रूप त्यांनी आपल्या मार्गदर्शक सरांना दाखवलं. सर बघून म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या बरं आहे, पण ही ट्रॅक्टरची जाहिरात झालीये. सामाजिक आशय कुठे गेला?" जाता जाता त्यांनी "साउंड डिझाइन दिसत नाहीये" असंही सांगितलं. ध्वनी दिसण्यासाठी काय करावं यावर आम्ही बराच खल केला. शेवटी पाऊस म्हाताऱ्याच्या आठवणीत पाडायचं ठरलं. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये जे कुठेच बसत नाही ते आठवणीत बसतं. आठवण आहे हे कळावं म्हणून तेवढा भाग काळा-पांढरा केला. आमची कुरडई तशीही पांढरीच होती.

आता संवाद. आजोबांना बोलावून डबिंग करायचं ठरलं. दिवाणातल्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या, वर गोधड्या टाकल्या आणि आत आजोबांना बसवलं. बोलायला सुरुवात केली आणि प्रत्येक 'स'ला शिटी वाजू लागली. शूटिंगच्या वेळी आजोबांनी भूमिकेसाठी कवळी काढून ठेवली होती. डबिंगला मात्र स्टुडिओत जायचं म्हणून आठवणीनं लावून, वर इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"आजोबा, कवळी काढता का?"

"शूटिंगला काढली ना? लोकांना काय वाटेल, याला दातच नाहीत!"

काढायला ते तयार झाले, पण मग संवाद आठवेनात. शूटिंगला ते दर वेळी नवंच काहीतरी बोलले होते, त्यामुळे ओठांना जुळणारं वाक्य कागदावर नव्हतंच. ओठ बघून आम्ही अंदाज बांधत होतो. एका ठिकाणी ते बैलाला कळवळून जे सांगतात ते नीट लावून पाहिलं तर "मला साडेपाचची एसटी आहे" असं निघालं.

दिवसा रेकॉर्डिंग करणं अशक्यच होतं. सकाळी महापालिकेची घंटागाडी गाणं लावून येते. ती गेली की भंगारवाला. दुपारी शेजारच्या बंगल्यात फरशी कापायचं यंत्र, संध्याकाळी क्लासला जाणारी मुलं आणि त्यांचे हॉर्न. मी पोरांना धीर दिला, की 'आलम आरा'च्या वेळीही हेच झालं होतं. 14 मार्च 1931 ला आपला पहिला बोलपट पडद्यावर आला. तो बनत होता तेव्हा स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून अर्देशीर इराणींना बरंचसं काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करावं लागलं. नटांच्या आसपास माइक लपवून ठेवायचे, म्हणे. हे ऐकून पोरांना इतिहासात सामील झाल्यासारखं वाटलं आणि आम्हीही मध्यरात्रीनंतर बसू लागलो.

पण इराणीसाहेबांच्या काळात उसाचे ट्रॅक्टर नव्हते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना तर या धंद्यातला आद्यपुरुष. गळीत हंगामात रात्री दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर निघाला की ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून वर भलामोठा स्पीकर असतो. त्यामुळे ड्रायव्हर झोपत नाही आणि त्या रस्त्यावरचं दुसरं कुणीच झोपत नाही. आमच्या म्हाताऱ्याच्या विरहात मधूनमधून कुणाच्या तरी हळदीतली नाचगाणी मिसळली ती अशी. ट्रॅक्टर दूर जाईपर्यंत थांबायचं, मग कुत्री त्यावर प्रतिक्रिया देणार, ती संपेपर्यंत थांबायचं, आणि मग बघायचं तर आजोबा गोधडीत झोपलेले. त्यांचं घोरणं मात्र अप्रतिम रेकॉर्ड झालं. तेच पुढे बैलासाठी वापरलं.

हे झाल्यावर माझी पाळी आली. पार्श्वसंगीत.

संकलकानं तात्पुरतं म्हणून हान्स झिमर यांचं 'इंटरस्टेलर'चं संगीत लावून ठेवलं होतं. ही तात्पुरती सोय फार घातक. आठवडाभर तेच ऐकल्यावर दुसरं काहीही फिकं वाटतं. त्या संगीतातलं ऑर्गन लंडनच्या टेंपल चर्चमधलं, हजारो नळ्यांचं. माझ्या पेटीची काळी चार पावसाळ्यात हात न लावता आपोआप वाजते.

"मामा, थोडं याच्यासारखं," भाचा म्हणाला. "पण मातीतलं."

मी भात्यात वारा भरला आणि भैरवी धरली. पोरं ऐकत राहिली.

"छान आहे. पण मामा, यात अंतराळ येत नाही."

"बाळा, म्हातारा घोडेगावला चाललाय. अंतराळात नाही."

"तेच. पण आतून त्याला पोकळी वाटते ना."

मी पोकळीसाठी मंद्र सप्तकात गेलो. तिथं पेटीच्या दोन पट्ट्या नाहीत. उंदरांनी नेल्या. त्यामुळे पोकळी खरोखरच आली. मग प्रत्येक दृश्याला संगीत पाहिजे असा आग्रह सुरू झाला. म्हातारा चालला, संगीत. थांबला, संगीत. बैलानं शेपूट हलवली, त्यालाही एक स्वर. शांतता आली की पोरं घाबरायची. त्यांना वाटायचं प्रेक्षक मोबाईल काढतील.

मी म्हटलं, "अरे, तुमचे मंजुळे बघा. 'सैराट'साठी अजय-अतुल थेट अमेरिकेत गेले. लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद बसवून रेकॉर्डिंग केलं. आणि एवढा खर्च केल्यावर शेवटच्या प्रसंगात काय लावलं? काही नाही. अख्खं थिएटर गप्प झालं होतं." भाच्याला पटलं. 'ख्वाडा'ला तर राष्ट्रीय पुरस्कारांत लोकेशनवरच्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार होता, म्हणजे मेंढरं, वारा, माणसं, सगळं जागेवर टिपलेलं, हेही सांगितलं. ते ऐकून संकलक एवढा खिन्न झाला की त्यानं बैलाचं घोरणं पुन्हा तीनदा ऐकलं.

शांतता ठेवायची तर ती आधी रेकॉर्ड करावी लागते. त्याला रूम टोन म्हणतात. नुसतं काहीही न वापरता मोकळं सोडलं तर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं, म्हणून त्या जागेची एक मिनिटभर शांतता टिपून ठेवतात. आम्ही पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. (तो सकाळपर्यंत बंदच राहिला, त्यावर इथं जास्त लिहीत नाही. दूध नासलं एवढंच.) घड्याळाचा सेल काढला. तरी हेडफोनमध्ये काहीतरी सूंऽऽ सूंऽऽ येतच होतं.

"काय आहे रे ते?"

"मामा, तुमचा श्वास."

भाच्यानं मग मेहेराबादला जाऊया असं सुचवलं. नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांचं स्थान आहे. बाबांनी 10 जुलै 1925 ला तिथं मौन धरलं आणि 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून आणि नंतर नुसत्या खुणांनी ते बोलत. 1932 साली अमेरिकेत हॉलिवूड बाऊलमध्ये ते मौन सोडणार अशी घोषणा झाली होती. तीही पुढे रद्द झाली. साऱ्या जगातला सिनेमा नुकता बोलू लागला होता आणि त्या सिनेमाच्या राजधानीत जाऊन आमच्या नगरचा हा एक माणूस गप्प राहिला. त्या जागेवर माइक घेऊन जायचं माझ्या मनाला पटलं नाही. शांतता चोरण्यातही काही मर्यादा असावी.

शेवटी एक मिनिट सापडलं. पहाटे, ट्रॅक्टर आणि घंटागाडी यांच्या मधलं. मी तोंडावर उशी धरून बसलो होतो.

फिल्म पूर्ण व्हायच्या आदल्या रात्री श्रेयनामावलीवर वाद झाला. कुणी 'अहमदनगर' लिहिलं होतं, कुणी 2024 मध्ये झालेल्या बदलाप्रमाणे 'अहिल्यानगर'. एका पाटीवर एक, दुसऱ्यावर दुसरं. मी म्हटलं, नुसतं 'नगर' लिहा, आपण बोलतो तसं. तेवढ्यात "रेंडर होऊ राह्यलंय, कुणी हात लावू नका" असा पुकारा झाला आणि लाइट गेली.

प्रदर्शन सभागृहात होतं. मी ठेवणीतला झब्बा घातला. हिनंही चांगली साडी नेसली, कारण 'पाऊस: मामी' अशी तिची पाटी होती. फिल्म सुरू झाली. म्हातारा निघाला. मी डोळे मिटून भैरवीची वाट बघू लागलो. भैरवी आलीच नाही. म्हातारा चालत राहिला, थांबला, बैलानं शेपूट हलवली. पेटीचा एक स्वर नाही. गडगडाट झाला, पाऊस मात्र धो धो पडला.

नंतर उलगडा झाला. पेटी रेकॉर्डरच्या डाव्या वाहिनीवर गेली होती. संकलकाच्या इअरफोनचा एकच कान चालू होता, डावा. त्याला सगळं नीट ऐकू येत होतं. सभागृहातला डावा स्पीकर अनेक वर्षांपासून बंद होता. प्रत्येक कार्यक्रमाला तो पोस्टमध्ये बघू म्हणून सोडलेला असावा.

परीक्षक उठून बोलले. म्हणाले, "या तरुण दिग्दर्शकानं पार्श्वसंगीत अजिबात न वापरण्याचं धाडस केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं." टाळ्या पडल्या. आजोबांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार. मग परीक्षकांनी विचारलं, "आणि हा पाऊस? इतका आपल्या मातीतला पाऊस मी बऱ्याच दिवसांत ऐकला नाही. कुठे घेतलात?"

ही जागेवरूनच म्हणाली, "कढईत."

आता भाचा दुसरी फिल्म करतोय. विषय पूर. मामीचं नाव पोस्टरवर वर असणार आहे, माझं नाव अजून ठरायचंय. तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती: कुणाच्या गोठ्यात स्पष्ट, मोठ्यानं आणि न घाबरता हंबरणारा बैल असेल तर कृपया कळवावं. रेकॉर्डिंग आम्ही घरी येऊन करू. मानधन नाही. नाव शेवटच्या पाटीवर येईल, ते बरोबर लिहिलं जाईलच याची हमी देता येत नाही. आणि दोन-तीन किलो कुरडया जास्तीच्या असतील तर त्याही चालतील.